चढायचं जिन्याने, उतरायचं लिफ्टने

परत येऊन बरेच दिवस झाले, तरी बुटांच्या तळव्यातली माती मी अजून काढलेली नाही. सुलभा, माझी बायको, दोनदा म्हणाली, "अहो, ते बूट एकदाचे धुवा तरी." मी "हो" म्हटलं आणि गप्प बसलो. गप्प बसण्यात मी पहिल्यापासून तरबेज. लोक त्याला शांत स्वभाव म्हणतात, आणि मीही त्यांना तसं म्हणू देतो. पण या प्रवासात माझ्या शांत स्वभावाने जे केलं, ते आता लिहून टाकायचं ठरवलंय. ज्यांना कधी खड्या घाटवाटेने जायचं असेल, त्यांना यातून बूट-पाण्याची थोडी माहिती मिळेल. बाकीचं माझ्यासाठी आहे.

काळाचौकी

आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला. आम्हांला सोळाव्या मजल्यावर जागा मिळाली. चाळीत आमच्या खोलीतून फार तर समोरच्यांची वाळत घातलेली धोतरं दिसत. आता जिन्याच्या खिडकीतून गोदीच्या क्रेन दिसतात, त्यांच्यामागे खाडीचं शिशासारखं पाणी, आणि थंडीत, धुरकं उठायच्या आधी, पाण्यापलीकडे डोंगरांची एक निळी रेघ. इतकी फिकी, की आधी ती डोळ्यांत उमटते आणि मग बाहेर दिसते असं वाटावं. ऑफिसला निघण्यापूर्वी चहाचा कप घेऊन मी त्या खिडकीशी उभा राहायचो. माझगावच्या एका शिपिंग ऑफिसात माझा दिवस कागद इकडून तिकडे सरकवण्यात जातो. त्याआधीची ही दहा-पंधरा मिनिटं माझी.

एक दिवस शेजारचा दत्ताराम परब येऊन बाजूला उभा राहिला. त्याचे वडील गिरणीत होते, हा कुरियर कंपनीत सुपरवायझर आहे, आणि आम्ही चाळीच्या एकाच नळावर वाढलेले.

"विन्या, ती रेघ दिसता ना?"

"दिसते."

"थंय जावया."

मागून त्याच्या बायकोचा, शालिनीवहिनींचा आवाज आला. "आधी खाली जाऊन कोथिंबीर आणा, मग डोंगर."

पण तीन दिवसांनी डोंगराचं बोलणं वहिनींनीच पुन्हा काढलं. त्यांना साठी गाठायच्या आत एकदा तरी घाट चालून जायचा होता. "आयुष्यभर घाट एसटीच्या खिडकीतून पाहिला हो भावोजी," त्या म्हणाल्या, "आणि तोसुद्धा उलटी येईल म्हणून डोळे मिटून."

मग ठरलं. कर्जतच्या पुढे, आत, एक जुनी वाट आहे. गावातले लोक तिला नुसतं निसण म्हणतात, म्हणजे शिडी. कोकणातून ती उभी कड्याला भिडते आणि थेट देशावर निघते. सकाळी चढायचं, माथ्यावर जेवायचं, उजेडात त्याच वाटेने उतरायचं. थंडीचे दिवस गाठायचे, म्हणजे तयारीला तीनेक महिने हातात होते.

सोसायटीचा सेक्रेटरी मी, त्यामुळे तयारीही माझ्याच गळ्यात. डोंगर नसला म्हणून काय झालं, जिना होता! पाठीवर सॅक, सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या, आणि तळमजल्यापासून आमच्या मजल्यापर्यंत चढाई. सुरुवातीला दत्ताराम सातव्या मजल्यावर बसायचा आणि तिथल्या पिंट्याच्या आईकडून पाणी मागून घ्यायचा. "ह्यो आमचो बेस कॅम्प," तो म्हणायचा. वहिनी मात्र एका लयीत चढायच्या, ओठांत काहीतरी पुटपुटत. पुढे कळलं की त्या आरत्या म्हणत असत.

वर पोचलो की मी लिफ्टचं बटण दाबायचो. पहिल्याच दिवशी मी नियम घालून दिला होता, चढायचं जिन्याने, उतरायचं लिफ्टने. "उतरताना गुडघ्यांवर भार येतो," मी सांगितलं होतं. "आपल्या वयाला गुडघे जपायला हवेत." दोघांनी माना डोलावल्या. ते खोटंही नव्हतं, कुठल्याही डॉक्टरने म्हटलं असतं.

खरं कारण जिन्यातच होतं. दोन जिन्यांच्या मधे एक पोकळी आहे. वरून पाहिलं तर कठड्यांचे चौकोन एकात एक लहान होत जातात आणि तळाशी वॉचमनची खुर्ची काडीपेटीएवढी दिसते. चढताना तोंड भिंतीकडे असतं, समोर फक्त पुढची पायरी. उतरायला वळलं की ती पोकळी समोर येते. माझे तळपाय गार पडतात आणि हात आपोआप भिंत शोधायला लागतो. दूर बघायची मला भीती नाही. खाली बघायची आहे. या घरात आल्यापासून मी हे कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

दादर

बुटांसाठी आम्ही दादरला गेलो. दुकानाच्या मागच्या खोलीत लाकडाचा एक लहानसा उतार करून ठेवला होता, त्यावर खडबडीत कागद चिकटवलेला. बूट घालून त्या उतारावर तोंड खाली करून उभं राहायचं. बोटं पुढे आपटली तर तो बूट तुमचा नाही.

"चढायला कुठलाही बूट चालतो हो," दुकानदार म्हणाला. "उतरताना कळतं."

दत्ताराम त्या उतारावर दोन्ही हात पसरून उभा राहिला. "शालू, माझो फोटो काढ. एव्हरेस्ट."

"एव्हरेस्ट गुडघ्याएवढा आहे," वहिनी म्हणाल्या, पण फोटो काढला.

तेवढ्या उंचीवर मलाही काही वाटलं नाही. बोटं पुढे आपटली म्हणून एक नंबर मोठा बूट घेतला. दुकानदाराचं वाक्य मात्र खिशातल्या चिल्लरीसारखं दिवसभर वाजत राहिलं. उपाहारगृहात पियूष पिताना वहिनी म्हणाल्या, "भावोजी, आज फारच गप्प?" दत्ताराम म्हणाला, "तो कधी बोलतो?" तिथे सांगता आलं असतं. मी दुसरं पियूष मागवलं.

ठाकूरद्वार

केतकी ही माझ्या ऑफिसातल्या मित्राची मुलगी. तिशीची असेल. नोकरी सांभाळून ती माणसांना डोंगरात नेते. ठाकूरद्वारच्या एका वाडीत दुसऱ्या मजल्यावर तिचं घर आहे, आणि जिना तिथल्या जुन्या घरांसारखाच: लाकडी, अरुंद, काळोखा, धरायला वरून सोडलेला दोर. वर गेलो तेव्हा मोगऱ्याचा आणि केरोसीनचा वास एकदम आला. लहानपणी मामाकडे यायचा तोच.

एकटाच गेलो होतो. केतकीने चहा दिला आणि शांतपणे एकेक गोष्ट सांगितली. तीन लिटर पाणी प्रत्येकाने स्वतःचं स्वतः उचलायचं. मीठ-साखर सोबत ठेवायची. बूट नवे असतील तर आधी महिनाभर रोज बाजारात घालून जायचं. पायाची नखं कापायची. रक्तदाब तपासून यायचं. घरी एका माणसाला सांगून निघायचं की कुठल्या वाटेने जातोय आणि कधी परतणार. गावातला वाटाड्या बरोबर घ्यायचाच. दुपारी एक वेळ ठरवायची आणि त्या वेळेला, जिथे असू तिथून, मागे वळायचं. माथा डोळ्यांसमोर असला तरी.

"शिट्टी हवी प्रत्येकाकडे," ती म्हणाली. "अडकलात तर ओरडायचं नाही, घसा बसतो. तीन वेळा वाजवायची."

"मंडळाच्या आहेत," मी म्हटलं. "विसर्जनाच्या मिरवणुकीत गर्दी आवरायच्या."

ती हसली. मग म्हणाली, "गुडघा दुखत असेल तर आधी सांगायचं, तशीच भीतीही सांगायची. आधी कळलं तर मी काहीतरी करू शकते. अर्ध्या वाटेत कळलं तर नुसती धावपळ होते." आणि कप उचलता उचलता सहज, "काका, उतरायचा सराव होतोय ना? चढण्यापेक्षा तो जास्त करा. मांड्या उतरतानाच दगा देतात."

"होतोय की," मी म्हटलं.

इतकंच म्हटलं. खाली वाडीत कुणाच्यातरी घरी पेटीवर सारेगम चाललं होतं. त्या सुरांत माझे दोन शब्द सहज विरघळले, आणि केतकीने "मस्त!" म्हणून मान हलवली.

निघताना ती जिन्याशी सोडायला आली. ती आत जाईपर्यंत मी चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिलो. मग दोर धरून, तोंड पायऱ्यांकडे करून, शिडीवरून उतरतात तसा उलटा उतरायला लागलो. अर्ध्यात एक आजी भाजीची पिशवी घेऊन वर येत होत्या. त्या थांबून माझ्या पाठीकडे पाहत राहिल्या.

"काही पडलं का हो?"

"नाही, नाही."

"मग सरळ या ना."

मी भिंतीला चिकटलो. त्या माझ्या बाजूने वर गेल्या आणि वरून म्हणाल्या, "सावकाश हो. घाई नाही कसली."

पायथ्याचं गाव

केतकीसह आम्ही चौघं पोचलो तेव्हा गाव धुक्यात होतं. चुलींचा धूर आणि धुकं एकमेकांत मिसळलेलं, त्यामुळे घरं जमिनीवर आहेत की जरा वर तरंगताहेत ते कळत नव्हतं. वाटाड्या रघूच्या घरी अंगणात कोरा चहा मिळाला, गुळाचा, आणि चुलीवरून उतरलेली नाचणीची भाकरी. वहिनींनी डबा उघडून घावणे आणि सुकटीची चटणी पुढे केली. रघूच्या आईने चटणी चाखली, थोडा विचार केला आणि म्हणाली, "आमची जास्त तिखट असते." वहिनींना ते मनापासून पटलं नाही. पण दोघींनी चटण्या एकमेकींना बांधून दिल्या.

गावाबाहेर वाट जिथे रानात शिरते तिथे दगडांचा एक लहान ढीग आहे. देव म्हणायचा तर त्याला तोंड नाही, शेंदूर नाही. वर जाणारा प्रत्येक माणूस जवळच्या झाडाची एक हिरवी डहाळी तोडून त्यावर ठेवतो. कालची वाळलेली, परवाची पिवळी, आजची हिरवी. आमच्याकडे मंडळापुढून जाताना छातीला हात लावतात, पण जाण्याच्या घाईत हात अर्धाच उठतो. इथे डहाळी शोधायला थांबावं लागतं.

"उतरलो की आणखी एक ठेवायची," रघू म्हणाला. "सुखरूप आलो म्हणून."

मी डहाळी ठेवली. हात जोडले. काय मागितलं ते सांगण्यासारखं नाही.

निसण

चढाई स्वप्नासारखी झाली, हे मी उगाच म्हणत नाही. कारवीच्या रानातून वाट जाते तिथे प्रकाश हिरवा होतो, आणि आपलेच हात दुसऱ्या कुणाचे वाटतात. पुढे झाडं संपली आणि कडा समोर आला. कातळात खोदलेल्या पायऱ्या, काही झिजून नुसत्या खोबणी उरलेल्या. मी तोंड खडकाकडे करून चढत होतो. नाकासमोर काळा दगड, दगडावर करड्या शेवाळाचे नकाशे, फटीतून डोकावणारं एखादं नाजूक पिवळं फूल. पाठीमागे काय आहे ते पाठीला कळत होतं, पण पाठीला डोळे नव्हते. दत्ताराम वरून ओरडला, "विन्या, ह्यो आपलो सोळावो माळो! पिंट्याची आई खंय?" वहिनींच्या आरत्या कड्यावर आपटून परत येत होत्या. पाय तयार होते. खरंच तयार होते. केतकी दोनदा म्हणाली, "वा, काका, काय तयारी करून घेतलीत!"

माथ्यावर गवत पिवळं पडलं होतं आणि वारा त्यावरून हात फिरवत होता. एका झाडाखाली जेवलो. भाकरी, पिठलं, कांदा आणि रघूच्या आईची चटणी, जी खरोखरच जास्त तिखट निघाली. पश्चिमेला सगळं कोकण निळसर धुरक्यात बुडालेलं. मी तिकडे बराच वेळ पाहत होतो. त्या धुरक्यात कुठेतरी आमचा टॉवर असेल, जिन्याची खिडकी असेल, आणि खिडकीशी चहाचा कप घेऊन इकडे पाहणारा मी. त्याला मी दिसत असेन का? दिसलो तर एका फिक्या रेघेएवढा.

ठरलेली वेळ झाली. केतकीने सगळ्यांना गोल उभं केलं. "उतरताना कुणाला भीती वाटते? आत्ताच सांगा. मागे गाव आहे, तिथून जीप मिळते. लांब वळसा पडेल, पण जमतं." मग माझ्याकडे पाहून, "अर्थात काकांनी तयारी पक्की करून घेतलीय म्हणा."

दत्ताराम म्हणाला, "आमचो सेक्रेटरी आसा!"

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

रघू पुढे, मग दत्ताराम, वहिनी, त्यांच्या बाजूला केतकी, शेवटी मी. कड्याच्या तोंडाशी आलो. वाट जिथे कातळात वळते तिथे वहिनी पहिल्या दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. त्यांच्या मांड्या थरथरत होत्या, जाड पॅंटमधूनही दिसत होतं. त्यांनी पाय पुढे टाकला, तो पायरीवर टेकेना, हवेतच कापत राहिला.

"शालू, अगे चल, काय झाला?"

"पाय माझा ऐकतच नाही हो."

"अगे, चढताना तर घोड्यासारखी..."

"तुम्ही जावा." वहिनी खाली बसल्या आणि रडायला लागल्या. "माझंच वय झालं. उगाच हट्ट केला. मी मेली सगळ्यांना अडवून बसले." केतकीने त्यांचा दंड धरला होता. तिने दत्तारामच्या पायांकडे पाहिलं. त्याचेही गुडघे कापत होते. तो खडकाला टेकून उभा होता आणि हसायचा प्रयत्न करत होता. केतकी गोंधळली. "पण तुम्ही तर उतरायचा सराव..."

मी तोवर बसलो होतो. मला उभंच राहता येत नव्हतं. वहिनींच्या खांद्यापलीकडे कातळ संपत होता, आणि त्यापुढे जे होतं ते फार खाली होतं. दोन्ही तळहात दगडावर घट्ट रोवलेले. वहिनी अजून म्हणत होत्या, माझंच वय, माझाच हट्ट. मला ते ऐकवेना.

"वहिनी, तुमचं काही चुकलेलं नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "तुमच्या पायांना उतरायला कुणी शिकवलंच नाही. लिफ्टची सवय मी लावली. गुडघ्यांसाठी नव्हे. मला जिन्यातून खाली बघवत नाही म्हणून. केतकी, तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. आत्ता वर विचारलंस तेव्हाही गप्प बसलो. मलासुद्धा इथून उतरता येणार नाही."

केतकी माझ्याकडे पाहत होती, रागावलेली नव्हती, पण तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी मिटलं. मग ती कामाला लागली. "ठीक आहे. अजून फार खाली आलो नाही. सगळे वर चढणार आहोत. चढायला तुम्हांला येतं. वहिनी, खडकाकडे तोंड करा. रघूदादा, तुम्ही त्यांच्या खाली उभे राहा. काका, तुम्ही माझ्या आधी. खाली बघायचं नाही."

वर आलो. चढायला आम्हांला खरोखरच येत होतं.

माथ्यावरच्या गावापर्यंत तासभर चाललो. रघू आमचा निरोप घेऊन एकटाच निसणीने खाली गेला, अंगणातल्या पायरीवरून उतरावं तसा. जीप मिळाली. दत्ताराम पुढे ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसला. एरवी तो माझ्याशेजारीच बसला असता. घाटातल्या रस्त्याला वळणं सुरू झाली तसे वहिनींनी डोळे मिटले. जरा वेळाने डोळे न उघडताच म्हणाल्या, "भावोजी, मला वाटलं होतं मीच संपले."

"हो. म्हणूनच बोललो."

"आधी बोलायचंत."

त्या डहाळीची आठवण मला कर्जतच्या अलीकडे आली. परतीची आमच्यापैकी कुणी ठेवलीच नाही.

पुन्हा काळाचौकी

सुलभाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्ही घरातलं सगळं काम करता, फक्त बाल्कनीत कपडे वाळत घालत नाही." मग थोड्या वेळाने, "मीच विचारायला हवं होतं. पण तुम्हांला विचारलं तरी तुम्ही 'काही नाही' म्हणाला असतात." मी तिच्याजवळ बसून भाजी निवडायला लागलो.

दत्ताराम दहा-बारा दिवस बोलला नाही. लिफ्टमध्ये भेटला की मोबाइलमध्ये पाहायचा. वहिनींवर रडायची वेळ आली याचा त्याला राग होता, आणि तो असायलाच हवा. मीही मनवायला गेलो नाही. मग एका सकाळी मी खिडकीशी उभा होतो. रेघ त्या दिवशी दिसत नव्हती, नुसतं धुरकं. दत्ताराम आला, बाजूला उभा राहिला, नेहमीसारखा.

"मेल्या, शाळेत नळाच्या टाकीवरून उडी मारताना तू नेहमी म्हणायचास, माझ्या चपलेचो पट्टो तुटलो."

"हो."

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

तो हसला नाही. जिन्याकडे गेला, दोन पायऱ्या उतरला आणि पाठ माझ्याकडे करून उभा राहिला. "ये. माझ्या टकलाकडे बघ, खाली बघू नको. टकलात बघण्यासारखा काय नाय, म्हणून भीती वाटूची नाय." वहिनी दाराशी आल्या होत्या, नवे बूट घालून. "मी मागे आहे," त्या म्हणाल्या.

आता रोज सकाळी आम्ही उतरतो. दत्ताराम पुढे, मधे मी, मागे वहिनी. जिना या बाजूने मी कधी पाहिलाच नव्हता. प्रत्येक मजल्यावर खिडकीतला समुद्र थोडा थोडा वर सरकतो, क्रेन उंच होत जातात, आणि कुणाच्या घरी काय फोडणीला पडलंय ते दारादारांतून कळतं. वहिनींच्या मांड्या आता कापत नाहीत. माझा तळहात मात्र अजून भिंतीवरच असतो.

परवा केतकीचा फोन आला. पुढच्या थंडीत पुन्हा जायचं का, ती विचारत होती. मग तिने तोच प्रश्न विचारला, "काका, उतरायचा सराव होतोय?"

मी जिन्यातच उभा होतो. खालून दत्तारामने माझ्या वतीने शिट्टी वाजवली, मंडळाची, तीनदा, म्हणजे तो पुढे निघून गेला होता आणि मी अडकलो होतो.

"सातव्या मजल्यापर्यंत," मी म्हटलं. "तिथून तळ जवळ, खराखुरा दिसायला लागतो, खाली अजून जमत नाही. लिफ्ट घेतो."